नळी बदलली की लीड जाईल का? डाव्या बाजूच्या लीडबद्दल थोडं सविस्तर

प्रश्न गुहागरकडच्या एका मुलाने विचारलाय. थोडक्यात असा: वडील ७१ वर्षांचे. सहा वर्षांपूर्वी पूर्ण हार्ट ब्लॉक झाला (म्हणजे वरच्या कप्प्यांतला करंट खाली पोचेना) म्हणून पेसमेकर बसला. गेलं वर्षभर चढण चढताना दम लागतो, पायांवर सूज येते. टूडी इकोमध्ये पंपिंग ३० टक्के निघालं. डॉक्टर म्हणाले, डाव्या बाजूला आणखी एक लीड, म्हणजे पेसमेकरचा करंट हृदयापर्यंत नेणारी वायर, टाकून सीआरटी (दोन्ही बाजूंना एकत्र ठोका देणारं पेसिंग) करू. अडीच तास टेबलावर ठेवलं, पण लीड गेली नाही. आता ते म्हणतात, वेगळ्या आकाराची शीथ आणि गायडिंग कॅथेटर (लीड आत नेण्याच्या नळ्या) मागवून पुन्हा प्रयत्न करू, त्याचा खर्च वेगळा. मुलगा विचारतो, नुसती नळी बदलून काय फरक पडणार? की डॉक्टरांचा हातच बसलेला नाही? मुंबईला न्यावं का?

मी बावीस वर्षं पेसमेकर बसवतोय, निम्मी मुंबईत आणि निम्मी इकडे कोकणात. तुमच्या वडिलांना मी तपासलेलं नाही, त्यांची फिल्म पाहिलेली नाही, तेव्हा जे लिहितो ते तेवढ्याच भरवशाने घ्या. नळीचा प्रश्न मी सध्या बाजूला ठेवतो. आधी कळायला हवं ते हे, की पहिल्या वेळी लीड नेमकी कुठे अडली. त्याचं उत्तर मिळालं की नळीचं, हाताचं आणि मुंबईचंही उत्तर बरंचसं मिळतं.

आधी ही डावीकडची लीड कशाला, ते सांगतो. वडिलांची जुनी लीड उजव्या खालच्या कप्प्याच्या टोकाला असणार. त्यांना पूर्ण ब्लॉक आहे, म्हणजे जवळजवळ प्रत्येक ठोका त्या टोकापासून सुरू होतो. निसर्गाची वायरिंग वापरली न जाता करंट स्नायूतून रांगत डावीकडे जातो आणि डाव्या कप्प्याची बाहेरची भिंत उशिरा आकसते. एक भिंत दाबते तेव्हा दुसरी सैल असते. काहींचं हृदय हे वर्षानुवर्षं निभावून नेतं, काहींचं थकतं. उजव्या बाजूच्या सततच्या पेसिंगने असं होऊ शकतं हे २००२ च्या डेव्हिड अभ्यासापासून आम्ही गंभीरपणे घ्यायला लागलो. आणि अशा रुग्णांत डावीकडे लीड वाढवल्याने खरोखर फायदा होतो, हे २०२३ मध्ये बुडापेस्ट सीआरटी अपग्रेड या अभ्यासात ३६० रुग्णांवर दिसलं. तेव्हा तुमच्या डॉक्टरांचा बेत योग्यच आहे. तिथे शंका नको.

आता रस्ता. डाव्या कप्प्याच्या आत, रक्ताच्या धारेत, आम्ही सहसा लीड ठेवत नाही, कारण तिच्यावर गुठळी झाली तर ती थेट मेंदूकडे जाऊ शकते. मग बाहेरून जावं लागतं. हृदयाचं स्वतःचं वापरलेलं रक्त ज्या मोठ्या शिरेतून परत येतं तिला कोरोनरी सायनस म्हणतात. तिचं तोंड उजव्या वरच्या कप्प्यात, खाली आणि मागच्या बाजूला असतं. त्या तोंडातून शिरून, डाव्या बाजूला वळसा घालून, एखाद्या बाजूच्या शाखेत लीड नेऊन बसवायची. म्हणजे आपण खाडीतून वर चाललोय, पाणी समोरून येतंय, आणि होडी एखाद्या पऱ्ह्यात नेऊन उभी करायची आहे.

अवघड काय, तर लीड लवचीक असते. तशी ती असावीच लागते, कारण ती दिवसाला लाखभर वेळा वाकणार असते. साध्या पेसमेकरच्या लीडमध्ये आम्ही स्टायलेट नावाची पातळ पोलादी तार घालतो, तिला हवा तसा बाक देतो आणि त्या बाकावर लीड चालवतो. उजव्या कप्प्यात जायला एवढं पुरतं. पण डाव्या शिरेच्या शाखेत दोन-तीन वळणं पार करून जायचं तर मागून दिलेला जोर पुढच्या टोकापर्यंत पोचतच नाही. ओली सुतळी ढकलून पाहा, मधेच गोळा होते. लीडही उजव्या वरच्या कप्प्यात अशीच गोळा होते, आणि तो कप्पा तुमच्या वडिलांसारख्या रुग्णात आधीच फुगलेला असतो.

गायडिंग कॅथेटर इथे कामाला येतो. बाहेरून साधारण ३ मिलिमीटर जाडीची, ठराविक बाक दिलेली नळी आधी सायनसच्या तोंडातून आत नेऊन बसवायची. मग तिच्या पोटातून मिलिमीटरच्या एक तृतीयांश जाडीची तार शाखेत न्यायची आणि त्या तारेवरून लीड सरकवायची. वायरमन भिंतीतल्या पाइपातून आधी स्प्रिंग घालतो आणि मग वायर ओढतो, तसंच काहीसं. फरक एवढाच की आमची भिंत हलती असते आणि ओढायला पलीकडे कोणी उभं नसतं. नळीचं खरं काम रस्ता दाखवण्यापेक्षा पाठबळ देण्याचं आहे. लीड पुढे जाताना मागे कलंडू नये म्हणून ती आधार देते.

तर मग लीड अडते कुठे? माझ्या अनुभवात सर्वात जास्त वेळ खाते ती पहिलीच पायरी, सायनसचं तोंड सापडणं. फुगलेल्या हृदयात ते तोंड नेहमीच्या जागेवरून सरकलेलं असतं. शिवाय त्यावर थेबेशियन व्हॉल्व्ह नावाचा एक पडदा असतो. बहुतेकांत तो नखाच्या चंद्रासारखा असतो, पण काहींत जवळजवळ सगळं तोंड झाकतो. आम्ही सी-आर्म (टेबलावरचं एक्स-रे यंत्र) डावीकडे तिरका करतो, नळी आधी खालच्या कप्प्यात नेतो आणि घड्याळाच्या उलट दिशेने हलका पीळ देत मागे ओढत येतो. नळी मणक्याकडे वळली आणि आत ‘पडली’, की हाताला कळतं. कळलं नाही तर दोन सीसी डाय (एक्स-रेत दिसणारं औषध) सोडून बघायचं.

पुन्हा पुन्हा प्रयत्न करूनही हे जमत नसेल तर नळीचा आकार बदलायचा. कप्पा मोठा असेल तर लांब बाकाची नळी, तोंड खाली सरकलं असेल तर आकडीसारखी, नाहीतर मोठ्या नळीच्या आत दुसरी बारीक नळी घालून दुर्बिणीसारखं पुढे जायचं. कधी आम्ही पायातून किंवा मनगटातून डाव्या कोरोनरी धमनीत डाय सोडतो आणि ती शिरांतून परत येईपर्यंत फिल्म चालू ठेवतो. मग सायनसचं तोंड आपोआप उजळतं. मला ही युक्ती फार आवडते. अंधारात चाचपडण्यापेक्षा कोणी आतून कंदील दाखवावा तसं वाटतं. तेव्हा ‘आकार बदलून पुन्हा बघू’ असं डॉक्टर म्हणत असतील आणि अडचण तोंडाशी असेल, तर ती पळवाट नाही. नळी बदलल्याने इथे खरोखर काम होतं.

दुसरी अडचण वळणावर येते. आत गेल्यावरही मध्येच एक झडप असते आणि काही शाखा मुख्य शिरेतून उलट्या कोनात फुटतात. तिथे ९० अंशांचा बाक असलेली आतली नळी लागते. तिसरी अडचण अशी, की लीड शाखेत जाते पण टिकत नाही, किंवा टिकते पण पेसिंग चालू केल्यावर पोट उचकी लागल्यासारखं उडतं. शेजारून जाणारी छातीच्या पडद्याची नस पकडली जाते, म्हणून. चार टोकं असलेल्या लीडमुळे हा त्रास बराच कमी झालाय. जागा न बदलता दुसरं टोक निवडता येतं. आणि चौथी अडचण: शाखाच नाही, किंवा आहे तिथला स्नायू जुन्या अटॅकमुळे मेलेला. तिथे कुठलीही नळी आणली तरी उपयोग नाही.

हे असं होणं दुर्मीळ नाही. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मिरॅकल या अभ्यासात चांगल्या केंद्रांतल्या अनुभवी लोकांनाही शंभरातल्या सात-आठ रुग्णांत ही लीड बसवता आली नव्हती. तेव्हापासून साधनं सुधारली, पण एका अपयशावरून कोणाचा हात बसला नाही असं मी म्हणणार नाही. उलट अडीच तासांनी थांबणं हे मला शहाणपणाचं वाटतं. आमच्यातले काही जण पाच-पाच तास हट्टाने लागतात. तेव्हा रुग्ण थकतो, डाय किडनीवर जाते, जखम उघडी राहते आणि जंतू शिरायची संधी वाढते.

धोक्यांबद्दलही सांगायला हवं. सायनस ही शीर आहे, भिंत पातळ. नळी जोरात ढकलली तर आतलं अस्तर सोलवटतं. पडद्यावर ते ओळखायची खूण आहे. डायचा काळसर फुगारा लगेच वाहून गेला तर ठीक. भिंतीला डाग पडल्यासारखा तिथेच रेंगाळला, तर हात काढायचा. शिरेतला दाब कमी असल्यामुळे बहुतेक वेळा हे आपोआप भरून येतं आणि काही आठवड्यांनी पुन्हा प्रयत्न करता येतो. तुमच्या वडिलांच्या बाबतीत असं झालं होतं का, हे जरूर विचारा. झालं असेल तर घाई नको. आरपार भोक पडून हृदयाभोवती रक्त साचणं क्वचित होतं, पण होतं, म्हणून हे काम जिथे तातडीने ते रक्त काढता येईल तिथेच व्हावं.

दुसरा एक धोका आहे ज्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही, हवा आत ओढली जाण्याचा. झोपेचं औषध दिलेला रुग्ण घोरायला लागला की छातीत ओढ तयार होते आणि नळीचं बाहेरचं तोंड उघडं असेल तर फस्सकन हवा आत जाते. म्हणून मी या टप्प्यावर रुग्णाशी बोलत राहतो. आंब्याला मोहर कसा आहे, बोटी कधी लागल्या, काहीही. आमचे टेक्निशियन म्हणतात सर गप्पिष्ट आहेत. असेन, पण कारण हे आहे.

आणि आता ज्या टप्प्यावर मी स्वतः तोंडावर आपटलोय, तो. लीड उत्तम बसली, थ्रेशोल्ड (ठोका द्यायला लागणारा कमीत कमी करंट) छान आला, सगळे खूश. पण लीड अजून नळीच्या आत आहे आणि नळी बाहेर काढायची आहे. लीडच्या मागच्या टोकाला कनेक्टर असतो, तो जाड, त्यावरून नळी निघत नाही. म्हणून ती लांबीला चिरत काढतात. छोटं पातं बसवलेला कटर उजव्या हातात, लीड त्या कटरच्या खाचेत अंगठ्याने दाबून धरलेली, आणि डाव्या हाताने नळी एका दमात कटरवर ओढायची. कापणारा हात हलता कामा नये. हलते ती नळी. सुरुवातीच्या वर्षांत वेंगुर्ल्याच्या बाजूच्या एका म्हाताऱ्या मच्छीमाराची लीड मी तीन तास खपून बसवली आणि चिरताना माझा उजवा हात बोटभर मागे आला. पडद्यावर लीड शाखेतून सुटली, सायनसमधून सुटली आणि वरच्या कप्प्यात येऊन डुलायला लागली. मी काही बोललो नाही, पण चेहरा बोलला असणार. ते टेबलावर जागेच होते. सगळं समजावून सांगितल्यावर म्हणाले, “डॉक्टरांनू, होडी ताणून बांधूची नाय. भरती इली की दोर तुटता.”

त्यांचं बरोबर होतं. लीड आत सरळसोट ताणलेली होती, तिला पुरेसा झोल दिलेला नव्हता, म्हणून हाताच्या एवढ्याशा हलण्याने ती उपसली गेली. तेव्हापासून चिरण्याआधी वरच्या कप्प्यात लीडचा हलकासा बाक दिसल्याशिवाय मी कटर हातात घेत नाही. त्यांची लीड चार दिवसांनी पुन्हा टाकली.

तुमच्या प्रश्नात नसलेली पण तुम्हाला उपयोगी एक गोष्ट. शिरेतून जमलं नाही तर आता दुसरा रस्ता आहे. दोन कप्प्यांमधल्या पडद्यात निसर्गाची जी डावी वायर आहे तिच्याजवळच लीडचा स्क्रू रुतवायचा. याला लेफ्ट बंडल पेसिंग म्हणतात. चीनमधल्या वेंझोऊच्या ह्वांग यांच्या गटाने २०१७ मध्ये हे पहिल्यांदा दाखवलं आणि काही वर्षांत ते जगभर पसरलं. गंमत म्हणजे इथे तर गायडिंग कॅथेटरशिवाय पान हलत नाही. यासाठी सर्वात जास्त वापरली गेलेली ३८३० क्रमांकाची लीड जेमतेम दीड मिलिमीटर जाडीची आहे आणि तिच्यात स्टायलेट घालायला पोकळीच नाही. नळी पडद्यावर काटकोनात टेकवायची, घट्ट धरायची आणि लीडला भराभर पीळ द्यायचा. नळीचा कोन चुकला तर स्क्रू आत न जाता वरवर घासत राहतो. आत जाताना ईसीजीचा आकार फेऱ्याफेऱ्याला बदलतो, ते बघत थांबायचं कुठे हे ठरवायचं. जास्त गेला तर स्क्रू पलीकडे डाव्या कप्प्यात निघतो.

हे सीआरटीपेक्षा चांगलं का? सायनसच्या लीडमागे वीस वर्षांहून जास्त पुरावा आहे, याच्यामागे अजून तेवढा नाही. पण सायनसची लीड बसत नसेल तर हा पर्याय घ्यावा, असं २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतही आहे. मी स्वतः तोंड सापडलं नाही किंवा शाखाच नाही असं दिसलं, की त्याच बैठकीत तिकडे वळतो. तुमच्या डॉक्टरांना विचारा, ‘दुसऱ्या वेळीही नाही गेली तर तुमचा पुढचा बेत काय?’ या एका प्रश्नाच्या उत्तरात तुम्हाला त्यांच्या अनुभवाचा अंदाज येईल.

तर आता मुंबईचं. डॉक्टर तुम्हाला सांगू शकले की ‘तोंड सापडलं नाही’ किंवा ‘शाखेत गेली पण सुटली’, आणि त्यानुसार कोणती नळी मागवतोय ते सांगितलं, तर मी त्यांच्याकडेच राहीन. त्यांनी वडिलांचं हृदय एकदा आतून पाहिलंय, ही मोठी जमेची बाजू. नुसतं ‘नाही गेली’ एवढंच उत्तर असेल, किंवा वर्षाला अशा एक-दोनच केसेस होत असतील, तर दुसरं मत घ्या. त्यासाठी मुंबईच हवी असं नाही. सिंधुदुर्गातले लोक गोव्याला बांबोळीला जातात, बरेच जण घाट चढून कोल्हापूरला. महामार्गावर सहा-सात तास बसून दमलेल्या रुग्णाला नेण्यापेक्षा आधी नुसती फिल्म पाठवून मत घेता येतं.

एक मात्र लक्षात घ्या. आधीच्या पेसमेकरवर नवी लीड वाढवणं हे नुसती बॅटरी बदलण्यापेक्षा जोखमीचं काम आहे. २०१० च्या रिप्लेस नोंदींमध्ये, नुसती बॅटरी बदललेल्यांत सहा महिन्यांत मोठी गुंतागुंत शंभरात चौघांना झाली, लीड वाढवलेल्यांत पंधरा जणांना. जुन्या लीडमुळे खांद्याजवळची शीर बंद झालेली असू शकते, म्हणून आधी हातातून डाय सोडून ती पाहतात. पेसमेकर ठेवलेला कातडीखालचा खिसा पुन्हा पुन्हा उघडला की जंतुसंसर्गाची भीती वाढते, म्हणून तिसऱ्यांदा उघडायची वेळ येऊ नये एवढी तयारी दुसऱ्या वेळी हवी. चार आकारांच्या नळ्या आणि लेफ्ट बंडलची लीड आधीच कपाटात असावी, ती केस चालू असताना कुरिअरची वाट बघणं नको. वडिलांचा पूर्ण ब्लॉक आहे, त्यामुळे जुन्या लीडला धक्का लागला तर ठोकाच थांबू शकतो. ती काळजी डॉक्टर घेतातच, तुम्ही फक्त धीर धरा. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) वाढलेलं असेल तर डाय किती वापरायची हाही हिशेब आला.

खर्चाचं थोडक्यात. नळी चिरूनच निघते, त्यामुळे ती एकदाच वापरायची वस्तू आहे. बिलात ती वेगळी दिसणं यात वावगं काही नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसत असाल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून घ्या, पॅकेजमध्ये काय आहे आणि काय नाही. लीड, शीथ आणि पेसमेकर या तिन्हींच्या डब्यांवरचे स्टिकर फाइलमध्ये लावून मागा. पुढे कोणीही बघितलं तर त्याला त्याचाच आधार असतो.

नंतरचे चार ते सहा आठवडे डावा हात खांद्याच्या वर नको. आपल्याकडे म्हातारी माणसं हे ऐकून मान डोलावतात आणि आठव्या दिवशी झेला घेऊन कलमाखाली उभी असतात. हापूसच्या दिवसांत तारीख घेत असाल तर झेला शेजाऱ्याकडे ठेवून या. गंमत नाही करत, एका रुग्णाची लीड मी त्याच कारणाने पुन्हा बसवलीय. हात अगदीच न हलवता ठेवणंही चूक, खांदा आखडतो. जेवण, दाढी, शर्टाची बटणं हे सगळं त्याच हाताने करू द्या.

रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर आपल्या मनाने बंद करू नका, काही लोकांत त्या चालू ठेवूनच हे काम करणं जास्त सुरक्षित असतं. दुसऱ्या मतासाठी जाताना पहिल्या प्रयत्नाची सीडी, जुन्या पेसमेकरचं कार्ड आणि शेवटचा इको एवढं बरोबर असू द्या. आणि सीडी निघण्याआधी कुठेतरी लावून बघा. चिपळूणहून आलेल्या एका कुटुंबाने मोठ्या जपणुकीने आणलेली सीडी मी परवाच उघडली, तर ती कोरी होती.